मेंढरांचा रविवार

१ मे १९९६, बुधवार
निकाल लागला. सूरज पाचवीत गेला, राणी दुसरीत. दोघंही माझ्यावर गेलीत. बक्षीस जाहीर केलं: या सुट्टीत दर रविवारी एक आउटिंग. उघड्या हवेत, कमी खर्चात, घरचा डबा. सांगलीच्या उन्हाला लोक उगाच घाबरतात. सगळा खेळ प्लॅनिंगचा आहे.

सूरज लगेच म्हणाला, मग आज्जीच्या तळावर जाऊया की. माझा धाकटा भाऊ आकाराम अजून मेंढरं राखतो. दिवाळीनंतर जतकडून निघायचं, उन्हाळाभर इकडं नदीकाठच्या रानांतून फिरायचं, पावसाच्या तोंडावर परत. आई या वयातही त्यांच्याबरोबर चालते. गुडघे ऐकत नाहीत, हे शेवटचं वर्ष, असं तिनं कळवलंय. सूरजसाठी तिनं एक काळं कोकरू राखलंय. त्यानं एक रात्र तळावर झोपायचं आणि कोकराचं नाव ठेवायचं, असं आज्जी-नातवाचं दिवाळीतच ठरलेलं. मला कुणी विचारलं नाही.

मुलांना समजावलं की त्याला आउटिंग म्हणत नाहीत. मेंढरांमागं माझं अख्खं बालपण गेलं. आउटिंगला सतरंजी लागते. तरी मोठ्या मनानं तळ सगळ्यात शेवटी ठेवला.

५ मे, रविवार
कृष्णेचा घाट. पहाटे पाचला निघायचं ठरलं होतं. गजर झाला, पण त्याचा आवाज आश्वासक नव्हता, म्हणून बंद केला. साडेनऊला निघालो. पायऱ्या तापलेल्या. राणीनं चपला वर काढून ठेवल्या (मीच सांगितलं, घाटावर चपला नकोत) आणि मधल्या पायरीवर नाचायला लागली. मला वाटलं आनंदानं. खांद्यावर घेऊन परत आणली. तळपायाला फोड आहेत, पण बारीक.

एकूण अनुभव चांगला. चूक घड्याळाची.

१२ मे, रविवार
बाग. दुपारी तीनला, म्हणजे गर्दी नसते. गर्दी नव्हती, कारण बाग पाचला उघडते. कुंपणाच्या भिंतीला चांगली सावली होती. तिथंच सतरंजी टाकून जेवलो. सावली सरकत होती तसे आम्हीही सरकत होतो. मुलांना सूर्याची गती समजावून सांगितली. गारेगारवाला तीनदा घंटी वाजवून गेला. बाहेरच्या बर्फानं टॉन्सिल्स होतात. बाटलीतलं पाणी दिलं. त्यात पावडर टाकली असती तर चहा झाला असता, असं शालन म्हणाली. बायकोला विनोदबुद्धी आहे.

बाग उघडली तेव्हा राणी झोपली होती.

१५ मे, बुधवार
आकाराम मी कामाला आहे त्या वखारीत आला. लाल पटका, खांद्यावर घोंगडं, हातात काठी. हळदीच्या पोत्यांचा एवढा वास असतो तरी मेंढरांचा वास लपत नाही. सगळे क्लार्क बघायला लागले. मी त्याला मागच्या दारानं चहाला नेलं. तिकडं वारा असतो म्हणून.

म्हणाला, ‘दादा, हरिपूरच्या वाटंला पाटलाच्या रानात बसलोय. पोरास्नी घिऊन ये. आई लय वाट बघतीया.’ मी म्हणालो, २६ तारखेचा रविवार फिक्स. तो हसला. म्हणाला, ‘मेंढराला रैवार कुटं कळतोय? रान बसून झालं की उटायचं. आजच चल की, सायकलनं अर्धा तास न्हाई लागायचा.’

म्हणजे असं, की लेंडीखतासाठी शेतकरी मेंढरं रानात बसवतो आणि रात्रीमागं धान्य देतो. खत पुरेसं झालं की दुसरं रान. हे मला आकारामनं सांगायला नको. पण १९ तारखेला दंडोबाचा डोंगर ठरलाय. प्लॅन एकदा मोडला की मुलांना तीच सवय लागते. तसं सांगितलं. तो म्हणाला, ‘बरं दादा. आईला सांगतो रैवार.’ चहाचे पैसे त्यानंच दिले, मी सुट्टे शोधत होतो.

१९ मे, रविवार
दंडोबाचा डोंगर. कंडक्टरला स्टॉप विचारला नाही. या मुलखात मी मेंढरं चारलीत. डोंगर दिसल्यावर उतरलो. दीड तास चढून वर गेलो, तर दंडोबा पलीकडं, दुसऱ्या डोंगरावर, झाडीसकट. आमच्या डोंगरावर झाड नव्हतं. दगडाची खाण होती, ती मुलांना दाखवली. राणीचा घोळणा फुटला. शालननं पदर भिजवून तिच्या डोक्यावर ठेवला. त्यात पाणी संपलं. कांद्याच्या ट्रकमधून परत. ट्रकचा अनुभव मुलांना एरवी कुठून मिळाला असता?

शालन राणीला घेऊन आतल्या खोलीत झोपली. मला बाहेर सतरंजी टाकून दिली.

२५ मे, शनिवार
राणीला अजून कणकण आहे. उद्याचा तळ पुढच्या रविवारी ढकलला. पेपरात आलंय, जूनला हवा गार होईल. मुलांच्याच सोयीचा निर्णय. सूरज म्हणाला, मला एकट्याला सोडून या. पण आउटिंग म्हणजे फॅमिली. मग त्यानं विचारलं, आज्जीला निरोप कोण देणार? मी बघतो म्हणालो.

२६ मे, रविवार
ऊन फार. निरोप द्यायला जाणार होतो. एवढ्या उन्हात सायकल मारणं बरं नाही. मेंढराला तरी रविवार कुठं कळतो.

२ जून, रविवार
सूरज आमच्या आधी उठला. स्वतःच भांग पाडला. कोकरासाठी घुंगरू आणलंय, ते मला बसस्टॉपवर दाखवलं. नाव ठरलंय का विचारलं तर म्हणाला, तिथं गेल्यावर सांगणार.

रान मोकळं. लेंड्या आणि चुलीचे तीन काळे दगड. बांधावर पाटील होते. मी नाव सांगितल्यावर म्हणाले, ‘तुमीच व्हय शिद्धू? तुमच्यापायी मेंढरं रैवारपातुर हितंच ठिवली की वं. माजं रान बसून झाल्तं, मी म्हणलं आता दाणं न्हाई मिळायचं. तर आकाराम म्हणला, नगा दिऊ, पर बसू द्या. म्हातारीनं त्या रैवारी सकाळधरनं सैपाक करून ठिवल्ता. दिस मावळंपातुर बांधावर बसून हुती. सोमवारी पाटंचं गेली जतकडं.’

राणीनं विचारलं, कुठल्या बांधावर? त्यांनी हातानं दाखवला.

मी सतरंजी टाकली. म्हणालो, आलोच आहोत तर इथंच डबा खाऊ. कुणी बसलं नाही. मीही उभाच राहिलो. मग घडी घातली. सूरजनं घुंगरू खिशात ठेवलं. घरी येईपर्यंत त्याच्या पावलागणिक वाजत होतं. मला ते ऐकवेना. काढून ठेव म्हणणार होतो, म्हणालो नाही.

९ जून, रविवार
ढगाळ. गार वारा. सगळी सुट्टी ज्या हवेची वाट बघितली ती हीच. उद्या शाळा. घाटावर जाऊया का, असं मुलांना विचारलं.

सूरज पुस्तकांना कव्हर घालत होता. मान वर न करता म्हणाला, ‘तुमी जाऊन या, पप्पा.’

कुठं गेलो नाही.