पोटाले भोक पाडायच्या आधी

६ जाने. ८६, सोमवार
सर्जननं आज साफ सांगितलं. कॅन्सर आहे, संडासच्या जागी. खालचं सारं काढून टाकतील. मग पोटाच्या डाव्या बाजूले भोक पाडून संडास तिथून काढतील. वरून पिशवी, जन्मभर. कागदावर पेनानं पोट काढून दाखवलं. सुशी बाजूले बसून मान हलवत होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "जीव तर वाचते नं." लग्नाले वीस वर्सं झाली, अन् तिले एवढंच सुचलं. सायकल स्टँडवर उलटी झाली मले.

८ जाने.
ड्यूटीवर गेलो. कारखान्याच्या टाइम ऑफिसात हजेरीची कार्डं लावली. बाजूच्या टेबलावरचा शर्मा विचारते, "भोयर बाबू, बवासीर है क्या? बार-बार जाते हो." हो म्हटलं. मूळव्याधीवर लोक हसतात तरी. रक्त थांबत नाही. मले माझाच वास येते. दुसऱ्यांले येते की नाही, कोणाले विचारू? कॅन्टीनमध्ये कोपऱ्यात बसतो आता.

१० जाने.
सुशीनं आमच्या मंदाले अल्सर सांगितला होता. पोट्टी कॉलेजात जाते, तिनं दवाखान्याचा कागद वाचला. "पापा, मैं बच्ची हूँ क्या? झूठ काऊन बोलले?" मग रडली. मले तिच्या रडण्याचाही राग आला. आजाऱ्यानंच समजूत घालायची का?

१२ जाने.
रविवार. इथं राहणारे आपले नागपूरकडले लोक भेटाले आले, संत्र्याची थैली घेऊन. एका बाईनं तिच्या दिराची गोठ सांगितली, सेम केस, तीन महिन्यांत गेला. सांगता सांगता चिवडा खाऊन राहिली. तोंडं हलत होती सगळ्यांची. उठून आत गेलो. मागून कोणी म्हणालं, "मनाले लावून घेतलं बाप्पा यानं."

१४ जाने.
संक्रांत. सुशीनं हळदीकुंकू केलं नाही. बायका समोरच्या खोलीत बसतील अन् मी संडासात, म्हणून. तसं म्हणाली नाही. मले समजलं.

१६ जाने.
जेवण जात नाही, झोप नाही, वजन सहा किलो उतरलं. सर्जन म्हणते असं असलं तर ऑपरेशन करता येत नाही, आधी मनाच्या डॉक्टरकडे जा. मी पागल आहे का? तरणा डॉक्टर, मऊ आवाज. झोप येते का? भूक लागते का? मरावंसं वाटते का? सगळ्याले चांगलं चांगलं सांगून आलो. त्यानं लिहून घेतलं. खोटं आहे हे त्याले माहीत होतं, असं वाटलं.

१९ जाने.
आज तमाशा झाला. सर्जननं पाठवलेला एक माणूस घरी आला. हेडाऊ, नंदिनीच्या चुनखडीच्या खदानीत होता, आता रिटायर. दोन वर्षांपूर्वी हेच ऑपरेशन झालं त्याचं. चहा घेतला, उठला, अन् सदरा वर करून दाखवलं. लाल मांस, ओठासारखं बाहेर आलेलं. खाली पिशवी. "हे पाहा भाऊ, काही नाही होत." मी ओरडलो, "झाका ते! निघा माझ्या घरातून!" गेला बिचारा. कप तसाच.

२१ जाने.
दोन दिवस आंघोळ नाही. भिंतीकडे तोंड करून पडलो. सुशी ताट घेऊन आली, मी सरकवलं. म्हटलं, "उद्या तुले माझी किळस येईल." वाटलं होतं नाही म्हणेल. म्हणाली, "येईल. आली तर येऊ दे. वीस वर्सं राहिली तुमच्यासोबत, ते का सगळं आवडूनच?" अन् ताट तिथंच ठेवून गेली. अर्धी पोळी खाल्ली.

२३ जाने.
बस पकडून नंदिनी नगरले गेलो. हेडाऊ अंगणात वांग्याले पाणी देत होता. माफी मागितली. त्यानं खाट टाकली. मी सरळ विचारलं, बायको जवळ झोपते का? म्हणाला, "नाही झोपत. पैले म्याच हाकललं तिले. मंग तिले सवय झाली." वास? "येते कधी कधी. लग्नात जात नाही म्या." मग खाली पाहून म्हणाला, "दोनदा खदानीच्या काठावर जाऊन आलो भाऊ. हे सर्जनले सांगू नका, तो मले पेशंटाइकडे पाठवणार नाही."
बसमध्ये बरं वाटलं. का, ते कळत नाही. एवढ्या दिवसांत एकाच माणसानं काही गोड करून सांगितलं नाही.

२५ जाने.
मनाच्या डॉक्टरकडे परत गेलो, आपल्या मनानं. मरावंसं वाटते का? म्हटलं, "रोज. सकाळी जास्त." तो दचकला नाही. म्हणाला, हाही आजारच आहे, याचंही औषध आहे, पण गुण याले काही आठवडे लागतात. गोळ्या दिल्या. सुशीले आत बोलावून तिच्यासमोर परत सांगाले लावलं. ती खुर्चीचा हात धरून बसली. घरी येताना सायकलच्या मागे बसून माझी पाठ धरली होती, घट्ट. दुखत होतं. तसाच पायडल मारत राहिलो.

२८ जाने., मंगळवार
मनाच्या डॉक्टरनं सर्जनले लिहून दिलं, ऑपरेशन थांबवू नका. भरती झालो. सही केली, अक्षर वाकडं आलं. उद्या पहिला नंबर माझा. दुपारी सिस्टर आली. मले उभं केलं, बसवलं, वाकवलं, पँटचा पट्टा कुठं येते ते पाहिलं, अन् भोक पाडायच्या जागी पोटावर निळ्या शाईनं गोल काढला. "इसको मिटाना नहीं." सुशी पाहत होती. तिनं नजर वळवली नाही. मी वळवली.
पाच वाजता आंघोळीले पाठवलं. आरशात तो गोल. साबण घेतला. एक कड पुसली गेली. हात थांबत नव्हता. दाराबाहेरून सुशी म्हणाली, "झालं का हो?"
म्हटलं, थांब.
अजून आतच आहे, पोटावर गोल अर्धा उरला आहे. वही टॉवेलात गुंडाळून आणली होती, बादली पालथी घालून तिच्यावर बसून लिहितो आहे. ती दाराशीच उभी आहे, चपला दिसतात खालून.