गॉगलवाला मावळा

१३ ऑक्टोबर १९९६
महाराष्ट्र मंडळाची दिवाळीची मीटिंग. सुशांतने पिशवीतून काढलं काय, तर मावळा! डोळ्यांवर गॉगल, तलवारीच्या जागी माइक, कानांवर हे मोठे हेडफोन आणि ढाल म्हणून डिश अँटेना!! केबलवरच्या गाण्यांच्या चॅनेलवर पोरं बडबडत असतात ना, तसा ऐटीत उभा. मुलं तुटून पडली. जाईने माझा हात कधी सोडला, कळलंसुद्धा नाही.
इथे चंदीगडात मातीचे मावळे मिळत नाहीत म्हणून मंडळाच्या किल्ल्यावर दरवर्षी मी केलेलेच असतात. आज माझं नावही निघालं नाही.

१४ ऑक्टोबर
जाई म्हणाली, “बाबा, आपके वाले सब एक जैसे हैं.”
एक जैसे! सैन्य आहे ते!

२० ऑक्टोबर, दसरा
सोनं वाटून झाल्यावर मंडळाचा अध्यक्ष नंदकुमार, त्याने जाहीर केलं – यंदा किल्ल्यावर सुशांतचे मावळे. माझं डोकंच फिरलं. सगळ्यांसमोर म्हणालो, “हे थेर किल्ल्यावर चढवायचे असतील तर माझे मावळे माझ्या घरी बरे.” स्मितावहिनी चहाचे कप गोळा करायला लागल्या.
स्कूटरवर मागून नेत्रा म्हणाली, “जळतोस तू त्याच्यावर.”
जळतोच. मग? मी मेडिकल इन्स्टिट्यूटमध्ये विद्यार्थ्यांसाठी जन्मभर प्लास्टरची काळजं आणि मूत्रपिंडं करायची, आणि याने जाहिरातीतली नोकरी सोडून मोहालीच्या खोलीत बसून बाहुले करायचे. वर कौतुक त्याचं!

२५ ऑक्टोबर
सुशांत घरी आला होता. सेक्टर सतराच्या एका दुकानाने त्याचे मावळे ठेवून घेतलेत म्हणे. “चारूदादा, यांची मनगटं फार तुटतात यार. तुमची कशी टिकतात?” सांगणार नव्हतो. सांगितलं. आत तार घाल, प्लास्टर ओतायच्या आधी. नेत्राने त्याला आग्रहाने थालीपीठ वाढलं. तो तिच्या लोण्याचंही कौतुक करून गेला.
वाईट असता तर किती सोपं झालं असतं!

२ नोव्हेंबर
आज जेवणाच्या सुट्टीत जेवलोच नाही. मॉडेलचं प्लास्टर उरलं होतं. मनात म्हटलं, बघू या, त्यात एवढं काय आहे!
उलटी टोपी. कमरेला वॉकमन. तोंडात गुलाबी च्युइंगमचा फुगा. एका बाजूचा हेडफोन घसरलेला, त्यामुळे एक कान उघडा. हात चालत राहिला. कान अगदी मनासारखा उतरला, सगळ्या वळ्यांसकट. सवय.
त्याच्यापेक्षा चांगला झालाय. शंभर टक्के.
पण दाखवू कोणाला? थेर म्हणून बसलोय!

८ नोव्हेंबर, धनत्रयोदशी
कोणी यायच्या आत मंडळाच्या हॉलमागे गेलो. किल्ल्यावर हळीव छान उगवलंय. बुरुजावर सुशांतच्या मावळ्यांमध्ये माझा ठेवला आणि पळालो. चाळिशीत ही तऱ्हा!

१० नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन
सगळे त्याच्याभोवतीच!
नंदकुमार – “सुशांत, हा म्हणजे कळस केलास!” स्मितावहिनी वाकून वाकून बघत होत्या. “अगं बाई, कान बघा कान!” आणि माझ्याकडे बघून का हसल्या कोण जाणे.
सुशांतने तो उचलला. बराच वेळ फिरवून बघितला. मग माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता म्हणेल, हा माझा नाही. म्हणाला, “हो, माझाच. जमलाय ना, चारूदादा?”
“ठीक आहे,” म्हणालो. दुसरं काय म्हणणार?
चोर! तोंडावर चोरी! आणि जाई तो छातीशी धरून नाचत होती – “ये सबसे अच्छा! सबसे अच्छा!” हेच ऐकायचं होतं मला. ऐकलं, ते त्याच्या नावावर.
फराळाचं ताट तसंच ठेवलं. नेत्राने ते झाकून ठेवलं.

११ नोव्हेंबर, पाडवा
सुशांतने तो जाईला देऊन टाकला. पोरीने टीव्हीवर मांडलाय. बातम्याही बघवत नाहीत.

१२ नोव्हेंबर, भाऊबीज
सकाळी जाई त्याच्यावरची धूळ पुसत होती. न बघताच म्हणाली, “बाबा, अगली बार दोनों कान बनाना.”
मी विचारलं, “तुला कोणी सांगितलं?”
“किसी ने नहीं. सबको पता था. ऐसे कान और कौन बनाता है?” मग हळूच – “सुशांतकाका बोले, कोई कुछ मत बोलना. बाबा को शरम आएगी.”