ऐंशी डबे मोरचूद

बाबा, आज सकाळी अंधेरीच्या गाळ्यात एका कागदावर बारा किलो सातशे साठ ग्रॅम हा आकडा दिसला आणि मी हातातला चहा खाली ठेवला. तो आकडा मी कुठेही ओळखीन.

तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो, दहावी नापास, तुमच्या हाताखाली तांब्याच्या प्लेटिंगला. शंभर लिटरची टाकी नवी भरायची तर तुम्ही मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, प्लास्टिकच्या डब्याने मोजायचात. डबा काठोकाठ भरायचा, वरून बोट फिरवून सपाट करायचा, असे ऐंशी डबे, गोणीच्या हिशोबाने वीसेक किलो. मी कांदिवलीच्या रद्दीवाल्याकडून अकरावीचं रसायनशास्त्राचं पुस्तक आणलं होतं आणि एकट्याने मोलचं प्रकरण तीनदा वाचलं होतं. डझन म्हणजे बारा, तसा मोल म्हणजे कणांची एक ठरलेली अफाट संख्या. फक्त प्रत्येक पदार्थाचा एक मोल वेगळ्या वजनाचा. तांबं साडेत्रेसष्ट, गंधक बत्तीस, ऑक्सिजन चार वेळा सोळा, बेरीज एकशे साडेएकोणसाठ. गाळ्याच्या भिंतीवरच्या तक्त्यावर लिटरला शून्य पूर्णांक आठ मोल लिहिलं होतं, म्हणजे टाकीला ऐंशी मोल. गुणाकार केला आणि तुमच्यासमोर ऐटीत उभा राहिलो. "बाबा, तुम्ही सात किलो जास्त टाकता."

तुम्ही डबा खाली ठेवलात. "माका ता पुस्तकातला कळणा नाय. तू वाचलंस, तू सांग." एवढंच. वीस वर्षांचा हात बाजूला ठेवून तुम्ही माझ्या आकड्याने टाकी भरलीत, एक्कावन्न डब्यांतच.

पहिला घाणा बाहेर आला तो कोपऱ्यांवर काळा, बोट लावलं की पूड. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी म्हणालो, "गोणी खराब आहे." तुम्ही उरलेली गोणी घेऊन घाटकोपरच्या व्यापाऱ्याकडे गेलात. मी मागे उभा होतो. तो म्हणाला, "काका, माल एक नंबर आहे, तुमच्या पोराने मोजण्यात घोळ केला असेल." तुम्ही म्हणालात, "माझो झील हिशोबात चुकाचो नाय." परत त्या दुकानाची पायरी चढला नाहीत. मुलुंडहून नवी गोणी आणली, त्यातले एकोणतीस डबे टाकल्यावर टाकी सुधारली, आणि गोणीच खराब होती हे पक्कं झालं.

माझी चूक मला चार महिन्यांनी सापडली. पुस्तकातलं वजन कोरड्या, पांढऱ्या पुडीचं. आपलं मोरचूद निळं, कारण त्याच्या प्रत्येक कणासोबत पाण्याचे पाच कण बांधलेले असतात. पाच वेळा अठरा, नव्वद. खरं वजन दोनशे साडेएकोणपन्नास. मी पाणी विसरलो होतो.

आज तोच आकडा नव्या इंजिनियर मॅडमच्या कागदावर होता. पदवीवाल्या आहेत, हुशार आहेत. मी म्हणालो, "मॅडम, पाणी राहिलं."

"कुठलं पाणी? टाकी भरलीय ना."

"टाकीतलं नाही. खड्यातलं. पाच."

त्यांनी गोणीवरचं लेबल वाचलं, कागद वाचला आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "चूक माझी आहे." आकडा खोडून एकोणीस किलो नऊशे साठ लिहिला. "काका, हे शिकलात कुठे?"

मी कपाटातून तुमचा डबा काढला. इतकी वर्षं जपला, पण एकटा डबा काट्यावर कधी तोलला नव्हता. निळं मोरचूद भरलं, बोट फिरवलं, काट्यावर ओतलं. अडीचशे ग्रॅम. अर्धा ग्रॅम इकडे तिकडे, एक मोल. ऐंशी डबे, ऐंशी मोल. पुस्तक न उघडता तुम्ही वीस वर्षं बरोबर मोजत होतात, आणि दहावी नापास मी आज ते इंजिनियरला मांडून दाखवलं. सगळे काट्याभोवती जमले होते. मॅडमनी स्वतः पुन्हा डबा भरून पाहिला. खरं सांगतो, एवढा ताठ मी गाळ्यात कधी उभा राहिलो नव्हतो. दुपारी काढलेला पहिला घाणा नव्या पैशासारखा लखलखीत होता.

हा कागद तुमच्या डब्यात घडी करून ठेवतोय, दुसरीकडे कुठे पाठवणार. मॅडमना तीन शब्द बोलायला एक क्षणही लागला नाही. चूक सापडल्यावर तुम्ही अकरा वर्षं होतात, रोज माझ्या शेजारी जेवलात.

बाबा, गोणी चांगली होती.