ठिगळ सोजराबाईनेच लावायचे

मी, तानुबाई भ्रतार निवृत्ती खराटे, वय अंदाजे सत्तर, राहणार रोहिणखेड, जिल्हा बुलढाणा, पूर्ण शुद्धीवर राहून, कोणाच्या धाकाने नव्हे व कोणाच्या लाडीगोडीनेही नव्हे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. अक्षर मुलाच्या पाटीवर बघून शिकले आहे. वेलांटी चुकली तर हसावे, मजकूर मात्र चुकवू नये.

१. तीन खणांचे घर व मागचा गोठा मुलगा शेषराव याला. पश्चिमेची भिंत आणि शेषराव, दोघेही जरा लागले की फुगतात. एकमेकांना सांभाळून घेतील.

२. सोन्याची एकदाणी व पोस्टातली शिल्लक सून विमल हिला. शेषरावाने "काऊन, कशासाठी" असे विचारू नये.

३. अंगुस्तान, सुयांची डबी व कातर हीही विमललाच. कातर कापडाची आहे. त्या कातरीने कोणी कागद कापला, तर मी असेन तिथून परत येईन.

४. आता गोधडी. लग्नात माहेराने मला चिंध्यांची गोधडी दिली होती. थोरली जाऊ सोजराबाई हिने ती अंगणात झटकून साऱ्या बायांसमोर विचारले, "नवरी आली का चिंधीवाली आली वं?" त्याच दिवशी ठरवले, अखंड कापडाची गोधडी शिवीन, जिला एक जोड नाही, एक ठिगळ नाही. पुढे पन्नास वर्षे सवड मिळाली नाही, कारण घरातली सगळी सवड सोजराबाईकडे होती.

अखेर नांदुऱ्याहून मोठ्या पन्ह्याचा पांढरा मांजरपाट आणवला. शेषराव म्हणाला, "माय, इतक्या खटाटोपात लाल ब्लँकेट आलं असतं." पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून घेतला, गेरूत भिजवलेल्या दोऱ्याने चौकटी मारल्या, परात उपडी ठेवून मधले फूल आखले, वाटीने पाकळ्या. चिंध्यांच्या गोधडीत चूक रंगात लपते, पांढऱ्यावर एकेक टाका चुगली करतो. तीन हिवाळे लागले. समोरच्या टोकाला कापड ताणून धरायला रोज दुपारी कोण बसले? सोजराबाईच. माझे टाके पाहून म्हणायची, "मुंग्याईची रांग हाय का शिवण हाय?" तिने घातलेल्या दोन ओळींच्या टाक्यांखालून बैलगाडी जाईल. त्या मी उसवल्या नाहीत.

आमच्या घरी शेवटचा कोपरा बंद करण्याआधी आत भाकरीचा नखाएवढा कोरडा तुकडा घालतात, म्हणजे पांघरणारा उपाशी निजत नाही. तो घास थोरलीच्या हातचा. सोजराबाईने चतकोर भाकरी घातली, वर शेंगदाण्याची चटणी, तेलासकट. म्हणाली, "कोरडा घास कसा द्यावा वं? गोधडीले जीव नाही का?"

चार दिवसांत उंदराने तो कोपरा गाठला. पन्नास वर्षांच्या हट्टाला मुठीएवढे भोक. मी आरडाओरडा केला तर म्हणते, "उंदीर जेवला ना? मंग रीत पाळल्या गेली." आणि तोंड फिरवून रडत बसली, तेही लिहून ठेवते.

त्या भोकाला ठिगळाशिवाय इलाज नाही. सबब ती गोधडी मी सोजराबाईला देते. अट एकच. ठिगळ तिने स्वतःच्या हाताने लावावे, आणि ते माझ्या माहेरच्या त्याच चिंध्यांच्या गोधडीतून कापावे. ती पेटीच्या तळाशी जपून ठेवली आहे. टाके मोठे पडले तर पडू द्यावेत. तिला मूलबाळ नाही, पांघरूण झिजून जाळी झाले आहे, आणि थंडी वाजते हे ती मेली तरी बोलणार नाही. विमलने लक्ष ठेवावे.

५. माझा शेवट जवळ दिसताच ही पांढरी गोधडी माझ्या अंगावर असेल तर काढून घ्यावी. मयताचे पांघरूण मसणात टाकतात, ही तिकडे जायची नाही. माझ्यावर शेषरावाचे ते लाल ब्लँकेट आणून टाकावे. त्याचीही हौस फिटेल.

वरील मजकूर वाचून, पुन्हा वाचून, सही केली.

तानुबाई निवृत्ती खराटे

साक्षीदार:
पंजाबराव सुरडकर, शेजारी
भगवंतराव तायडे, शाळामास्तर

रोहिणखेड, बुधवार, ता. ११ डिसेंबर १९६३

ता. क. सोजराबाई साक्षीसाठी अंगठा शाईत बुडवून तयार बसली होती. मास्तर म्हणाले, ज्याला मिळते त्याने साक्ष करू नये. तिला वाचता येत नाही, म्हणून मी एवढेच सांगितले, "तुमचा अंगठा नको." तेव्हापासून उंबऱ्यात बसून विचारते आहे, "काऊन वं तानू, माह्या अंगठ्याले कीड लागली का?" अंगठ्याची शाई वाळेपर्यंत तिला गोधडीजवळ जाऊ देऊ नये.