कंपासपेटीतल्या गोळ्या

जालना,
२० नोव्हेंबर २०२३

तीर्थस्वरूप अक्कास,
उजूचा साष्टांग नमस्कार वि. वि.

फोन करत नाही म्हणून रुसू नकोस. फोनवर तू दोन शब्द बोलतेस आणि पुढचं सगळं खोकलाच बोलतो. मग मी इकडे दिवसभर अस्वस्थ. पत्रात तू सलग बोलतेस, लहानपणी बोलायचीस तशी. चौसाळ्याला पोस्टमन येतो आहे तोवर आपण अशाच बोलू.

थंडी सुरू झाली आहे, म्हणून सोबत दहा गोळ्या पाठवते आहे. ह्यांच्या जुन्या चिठ्ठीवर औषधाच्या दुकानातला मुलगा अजून देतो. हे जाऊन सहा वर्षं झाली, पण त्यांची चिठ्ठी तुझ्या उपयोगी पडते याचं मला बरं वाटतं. कफ पिवळा झाला की रोज एक घे. बरं वाटलं की थांबव, उगाच पोटाला त्रास नको.

काल शाळेवरून गेले. कॉन्व्हेंटचं फाटक हिरवं रंगवलं आहे. तू मला सोडायला आली होतीस तेव्हा ते काळं होतं. आई गेली त्या वर्षी मामा म्हणाले होते की दोघींतल्या एकीलाच नेता येईल, आणि तू मला पुढे ढकललंस. मी सात वर्षांची, तू पंधराची. सिस्टरनी माझा हात धरला तेव्हा मी वळून पाहिलं, तर तुझ्या परकराला चुलीतली राख लागलेली होती. इतकी वर्षं त्या फाटकातून शिकवायला जात होते, पण रंग बदलला तेव्हाच ते सगळं आठवलं.

प्रवीण आणि ऋतुजाला आशीर्वाद. माझ्यावरचा जीव पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
उजू

——

चौसाळा,
४ डिसेंबर २०२३

चि. उजूस,
अक्काचे पोटभरून आशीर्वाद.

पत्र आणि गोळ्या पोचल्या. तुझं पत्र मी एका दमात वाचत न्हाई. निम्मं वाचते, निम्मं घडी घालून दुसऱ्या दिवसाला ठेवते. एकदाच वाचलं तर लगेच सरतं.

गोळ्यांचं बी तसंच. तीन घेतल्या की छाती मोकळी व्हायची. मग उरलेली पट्टी कातरीनं एकेक गोळी कापून तुझ्या कंपासपेटीत. मॅट्रिक झाल्यावर तू मला दिली होतीस ती. त्यात आता सात वर्षांचं साठलंय. तू पाठवलेलं एकदम खाऊन टाकायला मला जीव होत न्हाई.

शेजारची अजमतबी खोकत आली, तिला बी दोन दिल्या. ती इचारत होती की कावून गं, तुझी भैन डॉक्टर हाय का. मी म्हणले डॉक्टरच्या वर हाय, मास्तरीण हाय. दोघी लई हसलो. मग मला धाप लागली आन ती पाणी आणायला पळाली.

ऋतुजा म्हणती गॅसवर भाकरी करा. पण कापसाच्या पऱ्हाट्यांच्या जाळावरच्या भाकरीला जी चव हाय ती गॅसला न्हाई. सूनबाई तोंड फुगवून बसली हाय. तिला माझा धाक न्हाई, मलाच तिचा हाय.

या खेपेला कफ जरा हिरवा पडतोय. चार घेतल्या तरी तसाच हाय. जाईल हळूहळू. तू घोर करू नको. म्हातारीला इसरू नको म्हणजे झालं.

तुझी,
अक्का

——

अंबाजोगाई,
२९ डिसेंबर २०२३

ती. मावशींना,
ऋतुजाचा नमस्कार.

हे पत्र लिहून त्याचा फोटो तुमच्या मोबाइलवर पाठवते आहे. फोन करता येत नाही, कारण मी आईंच्या कॉटला टेकून बसले आहे आणि त्यांना सगळं ऐकू येतं.

मंगळवारी आईंचे ओठ निळे पडले. यांनी गाडी काढली आणि आम्ही इथल्या मोठ्या दवाखान्यात आणलं. नाकाला ऑक्सिजन लावला आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की वर्षानुवर्षांच्या धुरानं फुप्फुसं आधीच खराब आहेत, आणि त्यावर आता जंतूंचा जोर झाला आहे. इंजेक्शन सुरू केलं, पण आज चौथा दिवस, ताप उतरत नाही. त्यांना शंका आहे की हे जंतू औषधांना सरावलेले आहेत. कफ तपासायला दिला आहे, पण कोणतं औषध लागू पडेल तो रिपोर्ट यायला अजून दोन दिवस लागतील. तोवर इंजेक्शन बदलायचं तर आधी कोणकोणत्या गोळ्या झाल्या ते त्यांना कळायला हवं. चुकीचं निवडलं तर हे दोन दिवसही वाया जातील, आणि तेवढे दिवस आईंकडे नसतील, असं त्यांनी मला बाहेर बोलावून सांगितलं.

आई काही सांगत नाहीत. बाजारातून घेतल्या, नाव ठाऊक नाही, एवढंच म्हणतात. मी यांना घरी पाठवून कंपासपेटी आणवली. आत एकेक गोळी कापून ठेवलेली, कशावरही पूर्ण नाव नाही. तुमची पत्रं कुठे आहेत विचारलं तर आईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मग माझ्या लक्षात आलं. गोळ्या कुणी दिल्या हे दवाखान्यात लिहिलं जाईल, म्हणून त्या गप्प आहेत.

मावशी, तुम्हाला नावं आठवत असतील तर लगेच कळवा. लहान तोंडी जास्त बोलले असेन तर पोटात घाला.

तुमची,
ऋतुजा

——

जालना,
२९ डिसेंबर, दुपार

चि. ऋतुजास,
अनेक आशीर्वाद.

योग्य तेच बोललीस. हे पान जसंच्या तसं डॉक्टरीणबाईंना दाखव, आणि माझं पूर्ण नाव सांग.

पहिली दोन वर्षं मी अक्काला ॲझिथ्रोमायसिन पाठवलं. त्यानंतरच्या हिवाळ्यात ह्यांच्या उरलेल्या लाल कॅप्सूल पाठवल्या, त्या ॲमॉक्सिसिलिनच्या असाव्यात, खात्री नाही. मग दोन वर्षं सिप्रो. गेल्या वर्षी आणि आता नोव्हेंबरमध्ये लिव्होफ्लॉक्सासिन, पाचशेची. दर वेळी ती तीन-चार दिवस घ्यायची आणि बाकीच्या ठेवायची. बरं वाटलं की थांब, हे मीच तिला लिहीत होते. मी कुणाही डॉक्टरला विचारलं नव्हतं.

आता खालचं फक्त अक्कासाठी. तिला वाचून दाखव, आणि मूळ पत्र मी टपालानंही पाठवते आहे, ते तिच्या हातात दे.

अक्का, वर्गात मी पस्तीस वर्षं मुलींना शिकवलं की हात धुवा, पाणी उकळा. आणि तुझ्या छातीतल्या जंतूंना दर हिवाळ्याला थोडं थोडं औषध दाखवून मीच शहाणं केलं. त्या फाटकाशी तू मला पुढे ढकललंस आणि स्वतः चुलीकडे परत गेलीस. त्या धुराची भरपाई मला करायची होती. पाकीट बंद करताना वाटायचं, केली. तू माझं नाव लपवू नकोस. मला क्षमा कर, पण आधी बरी हो. क्षमा नाही केलीस तरी चालेल.

उजू

——

चौसाळा,
२ फेब्रुवारी २०२४

चि. उजूस,
अक्काचा हात तुझ्या डोक्यावर.

घरी येऊन पंधरा दिवस झाले. चार ओळी लिहिल्या की थांबते, मग परत लिहिते, म्हणून उशीर.

तू नावं कळवली त्याच संध्याकाळी इंजेक्शन बदललं. दोन दिवसांनी रिपोर्ट आला. बारा औषधं लिहिली होती, नवांपुढं फुली. त्यांनी निवडलेलं उरलेल्या तिनांतलंच निघालं. चौदा दिवस टोचून घेतलं, एक बी चुकवलं न्हाई. डॉक्टरीणबाई गोड बोलती पण सरळ बोलती. म्हणाली, आजी, तुमचा दम काही परत येणार न्हाई, आन पुढच्या खेपेला ही तीन बी उरतील का, ते माझ्या हातात न्हाई. म्हणून आता कफाचा रंग बदलला की त्याच दिवशी दवाखाना. घरात ऑक्सिजनचं मशीन आलंय, घुर्र करतं. मी त्याच्याजवळ बसते, आन माझ्या जागी चुलीत मांजर झोपती. ऋतुजा गॅसवर भाकरी करती. चव न्हाई, पण मी तिला सांगितलं न्हाई.

पेटीतल्या गोळ्या ऋतुजानं दवाखान्यात जमा केल्या. अजमतबीला सांगितलं की आता माझ्याकडं गोळी मागू नको, दवाखान्यात जा. दोन दिवस रुसली. मग तपासून आली, तिला निसती सर्दी होती, गोळी लागलीच न्हाई. खजूर घेऊन आली आन म्हणाली की तुझी मास्तरीण आम्हाला उगंच गोळ्या चारत होती. मी म्हणले, माझ्या भैनीला नाव ठेवायचं न्हाई.

तुझं टपालाचं पत्र आलं. ऋतुजा दवाखान्यातच खालचं वाचाया लागली होती, मी तिला थांबवलं. औषधांच्या नावाचं निम्मं तेवढं वाचलंय. खालचं निम्मं, माझ्यासाठी लिहिलेलं, घडी घालून कंपासपेटीत ठेवलंय. त्यात काय असंल ते मला ठाऊक हाय. तू सात वर्षांची असताना बी काही सांडलं की तसंच तोंड करायचीस.

औषध आता एक बी मागं ठेवीत न्हाई. एवढी एकच चीज निम्मी ठेवते, आन ती मी उघडणार न्हाई.

आता गोळ्या पाठवू नको. पत्र पाठव, लांबलचक. जीव हाय तोवर जीव लाव.

तुझी,
अक्का