नाव न घेतलेला शुक्रवार

नहावंद,
रविवार, १७ रबी-उल-आखर

हमदानला असलेल्या माझ्या थोरल्या भावास, अबू सईद यास, धाकट्या मुजफ्फरचा सलाम.

दादा, इकडे सगळे खुशाल. माहीन सुखरूप बाळंत झाली, मुलगी झाली. बर्फ बेताचाच पडला, तुझं जर्दाळूचं झाड तगलंय. वहिनींचा गुडघा कसा आहे?

आणि माझी मान अजून जागेवर आहे, ही मोठी बातमी.

दोघे सुलतान-भाऊ आपल्या गावासाठी कसे भांडतात ते तुला ठाऊकच आहे. परवा शुक्रवारी दोघांचेही सरदार एकदमच आले. मशिदीच्या दोन दारांशी दोघे घोड्यावर बसून राहिले. गावचा खतीब म्हणून खुतब्याच्या प्रवचनात मी ज्याचं नाव घेईन त्याचं गाव, आणि ज्याचं घेणार नाही त्याची तलवार माझ्या मानेवर. निघताना माहीन म्हणाली, "अहो, घरात बोलायला लागलात की थांबत नाही. आज तेवढं थोडक्यात आटपा!"

मिंबराच्या पायऱ्या चढून प्रवचनाला उभा राहिलो. प्रार्थना नावापाशी आली. "हे अल्लाह, आमच्या सुलतानाला..." म्हणालो आणि नाव गिळलं. तेवढ्यात बांग देणाऱ्या आंधळ्या रुस्तमचाचांनी "आमीन!" अशी आरोळी ठोकली की छतातली कबुतरं उडाली. मागोमाग सगळी मशीद आमीन म्हणाली.

बाहेर एका सरदारानं चाचांनाच धरलं. "ए म्हाताऱ्या, खतीबानं नाव कुणाचं घेतलं?"

"सरकार, मी आंधळा माणूस."

"आंधळा आहेस, बहिरा नाहीस!"

"माझ्याच आमीननं कानठळ्या बसल्या हो."

खाटीक म्हणाला, डुलकी लागली होती. विणकर म्हणाला, सुनेचा विचार चालला होता. मला विचारलं, तर मी नुसता खोकत सुटलो. संशयावरून खतीबाला मारलं तर गाव उठेल, म्हणून दोघेही दातओठ खात छावणीत गेले. काल तहाची बातमी आली. आपलं गाव थोरल्या सुलतानाकडे राहिलं, दोन्ही सरदारांची घोडी निघून गेली. मी ढसाढसा रडलो आणि मग दोन वाडगे सूप हाणलं.

दादा, मशिदीत दोनशे माणसं होती. एकानंही तोंड उघडलं नाही. दोन वर्षांपूर्वी इथला खतीब असताना तूही असंच नाव गिळलं होतंस, तेव्हाही दोनशेच होती. कुणीतरी सरदाराला सांगितलं आणि तुला गाव सोडावं लागलं. तू कधी विचारलं नाहीस, पण बहुधा तुला ठाऊक असेल. तो मी होतो. मला मिंबर हवा होता, आणि वर तुला भित्रा म्हणत गावभर फिरलो. परवा त्याच पायरीवर मीही नाव गिळलं तेव्हा कळलं, भित्रा कोण ते.

हे लिहिलं आणि छाती हलकी झाली. तू शिव्या दिल्यास तरी चालेल, पण समोर येऊन दे.

खतीबाची काठी मी तुझ्यासाठी रुस्तमचाचांकडे ठेवली आहे. येत्या शुक्रवारी माझा घसा बसणार आहे, असं गावाला आजच सांगून टाकलंय. मुलीचं नाव ठेवायचं राहिलंय. तेवढं एक नाव तूच घे.

तुझं नाव सांगणारा,
तुझाच मुजफ्फर