मालूने सांगितलेला शेवट

मी भरमा परशराम घाडी, वय वर्षे ६४, मूळ गाव जांबोटी, सध्या राहणार कंग्राळी, निवृत्त बस कंडक्टर आणि 'धुकटीचं राज्य' या अद्भुत कादंबरीच्या सहा भागांचा लेखक, कुणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे. मन नाही, पण कायदा त्याची चौकशी करत नाही.

१. कंग्राळीचं दोन खोल्यांचं घर आणि पोस्टातली शिल्लक माझी मुलगी यशोदा हिला द्यावी. ती निपाणीला शिक्षिका आहे. तिने माझं एकही पुस्तक पुरं वाचलेलं नाही. त्याबद्दल माझा राग नाही, असं मी तिला सांगत आलो. थोडा आहे.

२. जांबोटीच्या शेतातला माझा हिस्सा धाकटा भाऊ शामू याला. "अण्णा, खोट्या गावाचं नकाशं काढतोयस, खऱ्या बांधावर कवा येणार?" असं त्याने चारचौघांत विचारलं होतं. म्हणून तिसऱ्या भागातल्या बेडकांच्या हावरट राजाला मी त्याचं नाव दिलं. ते आता छापून झालं. हिस्सा घ्यावा आणि विसरावं.

३. पत्र्याची ट्रंक यशोदाने सांभाळावी. आत धुकटीचे नकाशे आणि नद्यांची वही आहे. अंतरं चोख आहेत. घाटात माझ्या बसला जिथे एक तास लागायचा, तिथे मी घोड्याला चार दिले. पण त्या देशाचे कायदे कुठल्याच वहीत नाहीत. ते माझी बायको मालुबाई हिच्या डोक्यात होते. तिला वाचता येत नव्हतं. ती तांदूळ निवडायची, मी लिहिलेलं वाचून दाखवायचो. चुकलो की सुपातला तिचा हात थांबायचा. "अवं, ही नदी गेल्या बारीला उगवतीला व्हात हुती न्हवं?" मी मुकाट्याने खोडायचो. धुकटीत खोटं बोलणाऱ्याची सावली कायमची जाते, हा कायदाही तिचाच. मुखपृष्ठावर मात्र एकट्या माझं नाव.

ऑगस्ट १९८२ मध्ये ती गेली. सहावा भाग मी एकट्याने लिहिला. त्यात लबाड सेनापतीची सावली भिंतीवर पडते. दुसऱ्याच भागात गेलेली सावली! निपाणीच्या एका वाचकाने कार्ड टाकून विचारलं, ती परत कुठून आणलीत? तेव्हापासून मी एक ओळ लिहिलेली नाही.

४. सातवा, शेवटचा भाग कुणीही लिहू नये. प्रकाशक दुसऱ्याकडून लिहून घेऊ म्हणतात. माझी सक्त मनाई आहे. धुकटीची राणी पाचव्या भागापासून गुहेत अडकली आहे, ती तिथेच राहील. ती बाहेर कशी येते ते मालूला माहीत होतं. दवाखान्यात, शेवटच्या आठवड्यात, तिने मला सगळा शेवट सांगितला. मी पाचव्या भागाची प्रुफं तपासत 'हं, हं' म्हणत राहिलो. एक शब्द कानात शिरला नाही. साडेतीन वर्षं आठवतो आहे. हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

५. तिचं सूप यशोदाने वापरावं. खुंटीला टांगून ठेवू नये.

६. हे कलम आत्ता वाढवलं. वरचं सगळं साक्षीदारांना वाचून दाखवलं, तेव्हा शेजारीण सोनुबाईचा अंगठा शाईवरच थांबला.

"अण्णा, मी दवाखान्यात डबा घिऊन आलते तवा मालूआक्का लई खुशीत हुती. म्हणाली, त्येंनी शेवट समदा ऐकला, हं हं म्हणत हुते. आता मी गेले तरी राणी सुटंल."

"काय होता शेवट?"

"मी इचारलं न्हाय. छापून आल्यावर ऐक म्हणाली."

कलम ४ कायम राहील. मी खोटं 'हं' म्हणालो होतो. धुकटीत त्याची शिक्षा काय, ते मालूनेच ठरवून ठेवलं आहे.

साक्षीदार:
मारुतीराव देवाप्पा गावडे (सही)
सोनुबाई भीमाप्पा पाटील (डाव्या हाताचा अंगठा)

कंग्राळी, ११ मार्च १९८६
भरमा परशराम घाडी (सही)